बाबांच्या कॉम्प्युटरवरची चित्रं

परवा नवा कॉम्प्युटर घेतला. त्यावर उबुंटू टाकलं, जुन्या डिस्कवरच्या फायली आणल्या आणि मग सवयीने पहिलं काम केलं ते आयकॉन बदलण्याचं. ज्यांना हे व्यसन नाही त्यांना ते समजायचं नाही. पडद्यावर दिसणारी फोल्डरची, कागदाची, कचरापेटीची जी बारकी चित्रं असतात, ती सगळी एका दमात बदलता येतात. पिवळी फोल्डरं निळी होतात, गोल गोष्टी चौकोनी होतात. कामात काडीचाही फरक पडत नाही, पण चवथीला घराच्या भिंतींना रंग काढल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटतं.

हे करताना दर वेळी मला २००८ सालची दिवाळी आठवते. ती गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. आज सांगतो.

आमचं गाव अंत्रुज महालातलं. बाबा मराठी शाळेत प्राथमिक शिक्षक होते. मुक्तीनंतर गावागावांत मराठी शाळा उघडल्या त्या काळात ते नोकरीला लागले आणि त्याच शाळांतून निवृत्त झाले. पण गावात त्यांची खरी ओळख मास्तर ही नव्हती. ते प्रॉम्प्टर होते. आमच्याकडे जत्रेला, उत्सवाला गावची माणसं मराठी नाटक करतात हे वाचकांना सांगायला नको. बागायतदार, भटजी, दुकानदार, मोटारसायकलवाले पायलट असे सगळे तोंडाला रंग लावून उभे राहतात. आणि या सगळ्यांची पाठांतरं सांभाळत, विंगेत अंधुक दिव्याखाली पुस्तक धरून एक माणूस उभा असतो. आमच्या गावात तो माणूस पस्तीसेक वर्षं बाबा होते. 'संशयकल्लोळ' त्यांना पुस्तकाशिवाय येत असे, पण पुस्तक मात्र हातातून खाली ठेवत नसत.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हाती घेतलं. गावच्या देवळापुढे कुठल्या वर्षी कुठलं नाटक झालं, कुणी कुठली भूमिका केली, पेटीवर कोण, तबल्यावर कोण, याची वर्षवार नोंद. असं काम कुठल्याही संस्थेच्या दप्तरात सापडत नाही. ते माणसांच्या डोक्यात असतं आणि माणसांबरोबर जातं. बाबा एकेका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन सोप्यावर बसत, चहा घेत, आणि घरी येऊन लिहून काढत.

मी तेव्हा बेंगळुरूला नोकरीला होतो. त्यांच्या वह्यांचे ढीग पाहून मीच म्हटलं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्या. ऑफिसातून निकामी म्हणून काढलेला एक कॉम्प्युटर स्वस्तात मिळाला होता, तो घरी आणून ठेवला. उबुंटूच्या सीडी त्या काळी टपालाने फुकट घरपोच येत असत. त्यातली एप्रिल २००८ ची, म्हणजे ८.०४ ही आवृत्ती टाकली. घरी इंटरनेट नव्हतं आणि लागणारही नव्हतं. कळफलकावर मी कागदाचे बारके चौकोन चिकटवून त्यावर देवनागरी अक्षरं लिहिली. बाबा महिनाभरात एका बोटाने टंकलेखन करू लागले. सहासष्टाव्या वर्षी!

त्यांनी कॉम्प्युटर कसा शिकून घेतला हे मी तेव्हा नीट पाहिलंच नाही. पडद्यावरचे शब्द इंग्रजीत होते आणि बारीक होते. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजव्याचं व्हायचं होतं. त्यामुळे चित्राखालचं नाव ते वाचत नसत. वाचता येत नव्हतं असं नाही, पण वाचण्याचा त्रास कोण घेणार? वरच्या पट्टीवरचं डावीकडून चौथं चित्र म्हणजे लिहिण्याचा कागद. मातकट नारिंगी फोल्डर म्हणजे नाटकं. अमुक खुणेवर टिचकी मारली की लिहिलेलं राहतं. त्यांचं सगळं ज्ञान रंगात आणि आकारात होतं. देवळात शिरल्यावर आपण कुठे पाटी वाचतो? दीपमाळ, सभामंडप, चौक, गर्भकुडी... पाय आपोआप चालतात. तसं.

चवथीला मी घरी आलो. माटोळी बांधून झाली, दुपारची जेवणं झाली, सगळे आडवे झाले. मी बाबांच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. उबुंटूच्या त्या आवृत्तीचा मूळचा आयकॉनसंच 'ह्यूमन' नावाचा होता. सगळं मातीच्या, नारिंगीच्या छटांतलं. मला ते कळकट वाटायचं. बेंगळुरूहून पेन ड्राइव्हवर मी एक नवाकोरा संच उतरवून आणला होता. काळसर निळी, काचेसारखी चमकणारी फोल्डरं. म्हटलं, बाबांना जरा छान दिसू दे.

काम दोन मिनिटांचं. सिस्टिम, मग प्रेफरन्सेस, मग अपिअरन्स. ती खिडकी उघडायची आणि उतरवलेली दाबलेली फाईल माउसने धरून तिच्यावर सोडायची. संच बसतो. मग कस्टमाइझ, त्यात आयकॉन्स, आणि यादीतलं नवं नाव निवडायचं. निवडताक्षणी पडद्यावरची सगळी फोल्डरं निळी झाली. मी खूष झालो. दुसऱ्या दिवशी गणपती पोचवून मी रात्रीच्या बसने परत गेलो. बाबांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं असंही नाही, सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

पुढचे दोन महिने फोनवर विचारलं की 'चाललंय' एवढंच उत्तर यायचं.

दिवाळीला आलो. नरकासुर जाळून मुलं झोपायला गेली होती, पहाटेची आंघोळ झाली, फोवांचे पाच प्रकार पानात होते आणि बाबा गप्प होते. आई मला मागच्या दारी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "आतां तो थंय बसना." तिथे म्हणजे कॉम्प्युटरकडे. का, म्हणून विचारलं तर तिने थोरल्या काकांचं नाव घेतलं. काकांना शेवटच्या पाच-सहा वर्षांत माणसं ओळखेनाशी झाली होती. स्वतःच्या घरात उभं राहून 'मला घरी न्या' म्हणत. बाबांच्या मनात आयुष्यभर एकच भीती होती, ती हीच. दुसऱ्यांची विसरलेली वाक्यं ज्याने पस्तीस वर्षं आठवून दिली, त्याला आपण विसरू लागलो आहोत हा संशय किती खाईल याची कल्पना करा.

मी बाबांपाशी जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "म्हजी तकली चलना रे आतां." चवथीनंतर दोन-तीनदा बसून पाहिलं, म्हणाले. काहीच ओळखता येईना. जे काल हाताखाली होतं ते कुठे आहे ते आठवेना. काही चित्रं ओळखीची वाटत, काही अगदी परकी. काका सुरुवातीला असंच म्हणत असत. मग त्यांनी कॉम्प्युटरवर आईचं जुनं लुगडं झाकून ठेवलं आणि वहीसुद्धा बंद केली. ज्याचं डोकं चालत नाही त्याने दुसऱ्यांच्या आठवणी कशाला लिहाव्यात?

माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला. आणि लक्षात आल्यावर तोंडातून शब्द फुटेना.

"बाबा, ती चित्रं मी बदलली," शेवटी म्हटलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हांव कांयच विसरूंक ना?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दुपारी मी लुगडं काढून कॉम्प्युटर सुरू केला आणि जुना संच परत निवडला. सगळं पूर्ववत झालं. पण बाबांना तेवढ्याने समाधान होईना. मास्तरच ते. म्हणाले, गेलेली चित्रं परत आली कुठून? म्हणजे मधल्या दोन महिन्यांत ती होती कुठे? मला दाखव.

मग मी त्यांना चित्रांच्या घरी घेऊन गेलो. वाचकांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनीही जरूर जावं. संगणकाच्या मुळाशी 'यूएसआर' म्हणून एक फोल्डर असतं, त्यात 'शेअर', त्यात 'आयकॉन्स'. तिथे प्रत्येक आयकॉनसंचाचं एकेक फोल्डर. 'ह्यूमन' तिथे शांतपणे बसलेलं होतं. माझ्या निळ्या संचाने त्याला हातही लावला नव्हता. निळा संच तिथे नव्हताच मुळी. तो बाबांच्या स्वतःच्या घरच्या फोल्डरात, 'डॉट आयकॉन्स' नावाच्या जागी होता. नावाच्या आधी टिंब असलं की ते फोल्डर दडलेलं असतं. कंट्रोल आणि एच या कळा एकदम दाबल्या की दिसू लागतं. सगळ्यांसाठीची चित्रं ती सार्वजनिक जागी, तिथे बदल करायचा तर मुख्य पासवर्ड लागतो. एकट्यासाठीची चित्रं ती आपल्या घरात, तिथे कुणाची परवानगी लागत नाही. बाबा म्हणाले, म्हणजे एक देवळातला देव आणि एक देव्हाऱ्यातला.

आत शिरलो. प्रत्येक संचात मापाप्रमाणे कप्पे असतात. सोळा बाय सोळा ठिपक्यांची चित्रं, बावीसची, बत्तीसची, अठ्ठेचाळीसची. प्रत्येक कप्प्यात विषयवार विभागणी. जागांची चित्रं, क्रियांची, प्रोग्रामांची, फायलींच्या प्रकारांची. मॅकिंतॉशची १९८४ सालची चित्रं सुझन केअर या बाईंनी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढली होती, बत्तीस बाय बत्तीस घरं, हे मी बाबांना सांगितलं. त्याच्या आधी १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या स्टार नावाच्या संगणकावर कागद, फोल्डर, टपालपेटी अशी ऑफिसातली चित्रं विकत मिळणाऱ्या यंत्रात पहिल्यांदा आली. आईने मागून ऐकलं आणि म्हणाली, आमची ठिपक्यांची रांगोळी ती हीच की.

पण बाबांना जे आवडलं ते वेगळंच. प्रत्येक संचाच्या दाराशी 'इंडेक्स डॉट थीम' नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. तीत त्या संचाचं नाव असतं, कप्प्यांची यादी असते आणि 'इनहेरिट्स' म्हणून एक ओळ असते. म्हणजे हा संच कुणाचा वारस. मी समजावून सांगितलं. कुठलाही प्रोग्राम 'मला अमुक चित्र दे' असं म्हणत नाही. तो फक्त नाव घेतो. 'फोल्डर' म्हणतो, 'कचरापेटी' म्हणतो, 'साठवा' म्हणतो. ही नावं लिनक्समधल्या बहुतेक डेस्कटॉपांनी मिळून ठरवून घेतलेली आहेत. त्या नावाचं रूप कुठलं, हे निवडलेला संच ठरवतो. त्या संचात ते रूप नसेल तर त्याच्या वडील संचात शोधतात. तिथे नसेल तर आणखी मागे. आणि कुठेच नाही सापडलं तर सगळ्यांच्या शेवटी 'हायकलर' नावाचा संच असतो, तिथे. तो सगळ्या संचांचा मूळपुरुष. कुणी त्याचं नाव घेतलेलं नसलं तरी शोध शेवटी त्याच्याच दारी जातो.

मी आणलेला निळा संच अर्धवट होता. कुणीतरी हौसेने काढायला घेतलेला, निम्माच झालेला. त्यामुळे काही नावांना नवी रूपं मिळाली आणि उरलेल्यांसाठी कॉम्प्युटर वडील संचाकडे गेला. म्हणून बाबांना पडद्यावर अर्धं ओळखीचं आणि अर्धं परकं दिसत होतं. सगळंच बदललं असतं तर कदाचित त्यांनी मला फोन करून विचारलं असतं. अर्धं बदललं म्हणून त्यांनी स्वतःवर संशय घेतला.

एक चित्र मात्र बिलकूल बदललं नव्हतं. फोटोंच्या फोल्डरकडे नेणारं वरच्या पट्टीवरचं बटण मी हाताने बनवलं होतं आणि त्यात चित्राचं नाव न देता त्या चित्राच्या फाईलचा पुरा पत्ता दिला होता. पत्ता दिला की संच बदलला तरी चित्र बदलत नाही, आणि ती फाईल हलली की मात्र चित्र जातं. नाव दिलं की रूप बदलतं, पण काहीतरी मिळतंच.

बाबा विचारात पडले. मग म्हणाले, ही गोष्ट आपल्याला काय नवी? म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. सोळाव्या शतकात जागा सुटल्या, देवळं मोडली, पण नाव घेतलं की भक्त बरोबर जाऊन पोचतो. आणि सातेरीचं बघ. एका गावात ती वारूळ, रोयण. दुसऱ्या गावात कलश. तिसऱ्या गावात पाषाणाची महिषासुरमर्दिनी. नाव एक, रूपं गावोगाव निराळी.

मी म्हटलं, मग तुम्ही का गोंधळलात?

"कारण आमच्या गावची सातेरी रात्रीत कोण बदलत नाही," बाबा म्हणाले. "बदलायची असली तर आधी देवाला कौल लावतात. गावाला विचारतात."

मला उत्तर नव्हतं.

मग बाबांनी १९६७ ची आठवण काढली. त्या वर्षी १६ जानेवारीला जनमत कौल झाला तेव्हा मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पानं. बाबा तेव्हा पंचविशीचे. गावातल्या पुष्कळ म्हाताऱ्यांना अक्षरओळख नव्हती, पण फूल कुठलं नि पानं कुठली यात कुणाची चूक झाली नाही. कोण कुठल्या बाजूला होतं यावर अजून भांडणं होतात, पण त्या दोन चित्रांचा अर्थ गोव्यात आजही कुणाला विचारावा लागत नाही. तेव्हा विचार कर, बाबा म्हणाले, मतदानाच्या आदल्या रात्री कुणी फुलाच्या जागी दुसरं काही छापलं असतं तर? माणसं शहाणीच राहिली असती. मत मात्र कुठेच पोचलं नसतं.

इथवरचं सगळं मी त्या वेळीही लोकांना गंमत म्हणून सांगत असे. पुढचं सांगत नसे.

बाबांच्या नोंदीत १९५७ ते १९६० ही चार वर्षं कोरी होती. पोर्तुगीज राजवटीची शेवटची वर्षं. तेव्हा बाबा शाळकरी, विंगेत पोचलेले नव्हते. त्या वर्षांची माहिती गावात एकाच माणसाला होती. ते तरुणपणी स्त्रीभूमिका करत. नव्वदीला टेकले होते, पण आठवण खणखणीत. चवथीनंतर त्यांच्याकडे जायचं असं बाबांनी ठरवलं होतं. गेले नाहीत. आपलंच डोकं चालत नाही तर काय विचारणार, म्हणून आज-उद्या करत राहिले. दसऱ्यानंतर चार दिवसांच्या तापाने ते गृहस्थ वारले.

त्या दिवाळीच्या दुपारी बाबांनी ती फाईल उघडली आणि खाली-खाली नेत त्या चार ओळींवर आणून थांबवली. वर्ष लिहिलेलं, पुढे रिकामं. काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. कुणाच्या तरी पडद्यावरची चार बारकी चित्रं बदलल्याने गावच्या इतिहासाची चार वर्षं जावीत, हे ऐकायला अतिशयोक्तीचं वाटेल. म्हातारा माणूस, तो गेलाच असता, असं आई म्हणाली. खरंच आहे. पण मधे दोन महिने होते आणि ते मी घालवले होते.

संध्याकाळी बाबांना एक गोष्ट शिकवली. सगळा संच न बदलता एकाच फोल्डरला आपल्या आवडीचं चित्र देता येतं. फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, आणि तिथल्या चित्रावर टिचकी मारली की आपलं चित्र निवडता येतं. म्हटलं, नाटकांच्या फोल्डरला काय लावू? ते उठले आणि कपाटातून 'संशयकल्लोळ'ची आपली प्रत घेऊन आले. विंगेतली. पुठ्ठा गेलेला, शिवण सुटलेली, सुतळीने बांधलेली, कडांना दिव्याच्या काजळीचे डाग. मी कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला आणि तो त्या फोल्डरला लावला. अठ्ठेचाळीस ठिपक्यांत ते पुस्तक म्हणजे एक तपकिरी विटकर तुकडा दिसत होतं. दुसऱ्या कुणाला ते काय आहे हे कळलं नसतं. बाबांना कळत होतं. पुढची सात वर्षं त्यांनी त्याच तपकिरी तुकड्यावर टिचक्या मारून लिहिलं. इंटरनेट नसल्याने तो कॉम्प्युटर तसाच जुन्या आवृत्तीवर चालत राहिला आणि मी त्याच्या चित्रांना पुन्हा हात लावला नाही.

२०१६ साली बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांना सगळी माणसं ओळखत होती, हे इथे लिहून ठेवतो.

बारावं झाल्यावर मी त्यांचं नाटकांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. फायली सगळ्या आल्या, पण फोल्डर साधं, कोऱ्या चेहऱ्याचं दिसत होतं. पुस्तकाचं चित्र आलंच नव्हतं. मी थोडा वेळ भांबावलो, मग उलगडलं. असं हाताने लावलेलं चित्र त्या फोल्डरच्या आत राहत नाही. अमुक फोल्डरला अमुक ठिकाणचा फोटो लावा, एवढी नोंद फाईल दाखवणारा प्रोग्राम आपल्यापाशी दुसरीकडेच ठेवतो. त्या आवृत्तीत ती घरच्या फोल्डरातल्या 'डॉट नॉटिलस' या दडलेल्या जागी असायची. फोल्डर उचलून नेलं तरी ती नोंद मागेच राहते. देव उचलून आणला आणि मुखवटा जुन्या गावीच राहिला.

मी परत गावच्या कॉम्प्युटरकडे गेलो. फोटो कुठे ठेवला होता ते मलाच आठवेना. चांगली दोन तास शोधाशोध केली. शेवटी तो फोटोंच्या फोल्डरात सापडला, त्याच बटणावाटे, ज्याचं चित्र कधीच बदललं नव्हतं. आता तो फोटो मी नाटकांच्या फोल्डरच्या आतच ठेवला आहे, म्हणजे दोघांची ताटातूट व्हायला नको. यंत्र बदललं की मी तो पुन्हा हाताने लावतो. परवाही लावला.

आयकॉन बदलायची हौस अजून गेलेली नाही. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. ग्नोमच्या मुख्य सेटिंग्जमध्ये आयकॉनसंच निवडायची सोय आता नसते. त्यासाठी 'ट्वीक्स' नावाचा वेगळा प्रोग्राम घ्यावा लागतो. केडीई वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्येच आयकॉनचं पान असतं. स्वतःपुरता संच ठेवायची जागाही आता घरच्या फोल्डरात 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'आयकॉन्स' अशी आहे. जुनी 'डॉट आयकॉन्स' ही जागाही अजून तपासली जाते. सगळ्यांसाठीची जागा मात्र तीच, यूएसआर, शेअर, आयकॉन्स. चित्र बदलूनही जुनंच दिसत राहिलं तर घाबरू नये, चित्रांची एक तयार यादी करून ठेवलेली असते ती शिळी झालेली असते. ती ताजी केली की झालं.

आणि बदलण्याआधी मूळ संचाचं नाव कागदावर लिहून ठेवावं. कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल तर आधी त्याला विचारावं. तो आपल्या आई-बाबांचा असेल तर दोनदा विचारावं.

माझी मुलगी दर महिन्याला स्वतःच्या लॅपटॉपचं रूप पालटते. परवा माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाली, "बाबा, हे तपकिरी काय आहे? किती अस्पष्ट दिसतं. बदलून देऊ?"

मी तिला जवळ बसवून फोल्डर उघडलं. १९५७ च्या ओळीपासून.